मॉडेल विमानाच्या खिडक्यांना कोणता गोंद लावावा?

प्लॅस्टिकचे मॉडेल किट जोडताना बहुतेकांची पहिली मोठी निराशा खिडकीपाशी होते. विमानाचे धड, पंख, शेपटी सगळे नीट जुळलेले असते, रंगही मनासारखा लागलेला असतो, आणि रात्री बसवलेली कॉकपिटची काच सकाळी पाहावी तर आतून पांढुरकी झालेली असते, नाहीतर तिच्या कोपऱ्यातून केसासारख्या बारीक भेगा निघालेल्या असतात. ज्या गोंदाने बाकीचे सगळे भाग उत्तम जोडले गेले, त्याच गोंदाने काच का खराब व्हावी, हे नवख्याला उमगत नाही. किट आता ऑनलाइन सहज मिळतात. त्यांच्यासोबत गोंदाच्या बाटल्याही इतक्या प्रकारच्या समोर येतात की निवड करणे अवघड होते. दुकानदार एक सांगतो, छंदातला जुना जाणकार दुसरे सांगतो आणि व्हिडिओतून तिसरेच ऐकायला मिळते.

हा गोंधळ सोडवायला थोडेसेच रसायनशास्त्र लागते. माझे मत आधीच सांगून टाकतो: खिडकीसाठी गोंद निवडताना तो किती घट्ट धरतो, हा दुय्यम प्रश्न आहे, तो पारदर्शक भागाचे काय करतो, हा पहिला प्रश्न आहे. मॉडेलमधल्या काचेवर कसलाही भार येत नाही. ती जागेवर राहावी एवढीच अपेक्षा असते, आणि ती नितळ राहावी ही त्याहून मोठी.

खिडकीचे प्लॅस्टिक आणि बाकीचे प्लॅस्टिक

बहुतेक किटांचे भाग पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. हे प्लॅस्टिक तापवून, वितळवून, मोठ्या दाबाने धातूच्या साच्यात भरले जाते. धड आणि पंख यांच्यासाठीच्या पॉलिस्टायरीनमध्ये अनेकदा थोडे रबर मिसळलेले असते, त्यामुळे ते किंचित लवचीक असते आणि धक्का सहन करते. रबराचे ते सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, म्हणून असे प्लॅस्टिक पारदर्शक होऊ शकत नाही. खिडक्यांसाठी शुद्ध पॉलिस्टायरीनच लागते. ते सुमारे ९० टक्के प्रकाश आरपार जाऊ देते, दिसायला सुंदर असते, पण ठिसूळ असते.

या ठिसूळपणाला आणखी एका गोष्टीची जोड मिळते. साच्यात भरलेले प्लॅस्टिक सगळीकडे सारख्या वेगाने थंड होत नाही. पातळ कडा आधी घट्ट होतात, जाड भाग नंतर आकसतो, आणि त्या ओढाताणीचा काही अंश भागात कायमचा अडकून राहतो. याला अंतर्गत ताण म्हणतात. जिथून प्लॅस्टिक साच्यातल्या भागात शिरते, म्हणजे किटचे सगळे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिला भाग जिथे चिकटलेला असतो, त्या टोकापाशी हा ताण अधिक असतो. रबर मिसळलेल्या धडाला त्याचे फारसे काही वाटत नाही. काचेच्या बाबतीत मात्र पुढचे बरेच रामायण या ताणामुळेच घडते.

मॉडेलचे सिमेंट नेमके काय करते

मॉडेलच्या दुकानात ‘सिमेंट’ म्हणून जे मिळते ते खऱ्या अर्थाने चिकटवत नाही. ते द्रावक असते, म्हणजे पॉलिस्टायरीन विरघळवणारा द्रव. तामिया या जपानी कंपनीच्या हिरव्या झाकणाच्या ४० मिलिलिटरच्या बाटलीतल्या पातळ सिमेंटमध्ये ॲसिटोन आणि ब्युटाइल ॲसिटेट असते. इतर काही सिमेंटांत ब्युटानोन असते. लिमोनीन हे संत्र्या-लिंबाच्या सालीतून मिळणारे द्रावकही आता वापरले जाते. त्याला संत्र्याचा वास येतो आणि ते सावकाश काम करते. घट्ट, मधासारख्या सिमेंटमध्ये द्रावकात थोडे पॉलिस्टायरीन आधीच विरघळवलेले असते.

गुळाचे दोन खडे कडेला ओले करून एकमेकांवर दाबून ठेवले तर काही वेळाने त्यांचा एकच खडा होतो. पाणी उडून जाते आणि जोडात गुळाखेरीज काही उरत नाही. द्रावक-सिमेंटचे काम अगदी असेच चालते. दोन्ही कडांचा वरचा थर मऊ होतो, दोन्हीकडचे रेणू एकमेकांत गुंततात, द्रावक उडून जाते आणि जोड हा प्लॅस्टिकचाच भाग बनतो. म्हणूनच पंखाच्या दोन अर्ध्या भागांसाठी याहून चांगले साधन नाही.

पण जो द्रव कडेला मऊ करतो तो कडेपाशीच थांबेल याची खात्री नसते. पातळ सिमेंट दोन पृष्ठभागांच्या फटीत आपोआप ओढले जाते. धडाच्या शिवणीत हा त्याचा सर्वात मोठा गुण आहे. ब्रशचे टोक एका जागी टेकवावे आणि सिमेंट शिवणीतून दोन-तीन सेंटिमीटर धावत जावे, हे पाहायला फार समाधान वाटते. खिडकीच्या बाबतीत हाच गुण अंगावर येतो. ते काचेला रंग लागू नये म्हणून लावलेल्या मास्किंग टेपखाली शिरते, धरलेल्या बोटाखाली शिरते, आणि टेप काढल्यावर तिथे मऊ होऊन पुन्हा घट्ट झालेला डाग उरतो. बोटाखालचा डाग तर ठशाच्या रेघांसह उमटतो.

भेगा कुठून येतात

केसासारख्या भेगांचे कारण डागापेक्षा खोल आहे. अंतर्गत ताण असलेल्या ठिसूळ प्लॅस्टिकला द्रावक लागले की ते रेणूंच्या मधल्या जागेत शिरते आणि त्यांची आपसातली पकड सैल करते. आतापर्यंत पकडीने दाबून धरलेला ताण मोकळा होतो आणि प्लॅस्टिक सूक्ष्म भेगांमध्ये फाटते. या भेगा काचेच्या कोपऱ्यात किंवा चौकटीच्या टोकापाशी सुरू होतात. आधी एखादी चंदेरी रेघ दिसते. काच तिरकी धरली तरच ती चमकते. मग तिच्या शेजारी समांतर अशा आणखी रेघा उमटतात. काही वेळा हे सिमेंट लावल्यावर काही मिनिटांत होते, काही वेळा दुसऱ्या दिवशी.

यावरून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली अशी की काच चौकटीतून तोडताना पिळू नये, आणि कटरने अगदी भागाला लागून कापू नये. आधी दूर कापावे, मग उरलेला खुंट बारीक करवतीने किंवा पॉलिश कागदाने उतरवावा. कटरच्या दाबानेही काचेत नवा ताण आणि पांढरा ओरखडा तयार होतो. दुसरी, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट: जी काच जागेवर बसत नाही तिला दाबून, वाकवून बसवू नये. आधी कडा घासून ती सैलसर बसेल अशी करून घ्यावी. वाकवून बसवलेली काच कायम ताणाखाली राहते, आणि द्रावकाचा थेंब तिला पुरेसा होतो.

आपल्याकडे ॲक्रिलिकचे फलक आणि पेट्या बनवणारे कारागीर जोडासाठी क्लोरोफॉर्म वापरतात. तो पॉलिस्टायरीनवर फार आक्रमकपणे काम करतो, त्याच्या वाफा आरोग्याला घातक आहेत, आणि मॉडेलच्या खिडकीजवळ त्याला मुळीच आणू नये. डायक्लोरोमिथेन असलेल्या सिमेंटबद्दलही हेच म्हणावे लागेल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये त्याच्या सर्व घरगुती वापरांवर बंदी घालणारा नियम केला आहे.

फेव्हिक्विक आणि ती पांढरी छाया

फेव्हिक्विक ज्या कुळातला आहे त्या गोंदाला सायनोॲक्रिलेट म्हणतात. त्याचा शोध आपल्या विषयाच्या फार जवळून जातो. १९४२ मध्ये अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीचा नेम धरायच्या साधनासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हा पदार्थ प्रत्येक गोष्टीला चिकटून बसू लागल्याने त्यांनी तो बाजूला ठेवला. १९५१ मध्ये दुसऱ्या कामात तो पुन्हा समोर आला आणि १९५८ मध्ये गोंद म्हणून बाजारात आला.

हा गोंद सुकत नाही. तो हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्यामुळे घट्ट होतो. ओलाव्याचा सूक्ष्म थर त्याच्या रेणूंना साखळीत गुंफायला सुरुवात करून देतो आणि काही सेकंदांत साखळी पुरी होते. परंतु जो गोंद लगेच घट्ट होत नाही त्याची थोडी वाफ होते. ती वाफ जवळच्या पृष्ठभागावर उतरते, तिथल्या ओलाव्याला भेटते आणि तिथेच पांढऱ्या भुकटीसारखी घट्ट होते. पोलिसांच्या प्रयोगशाळांत वस्तूंवरचे बोटांचे ठसे उठवण्यासाठी हीच क्रिया वापरतात. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये पुढे आली. ठशातल्या घामाच्या क्षारांवर वाफ अधिक जमते आणि ठसा पांढरा दिसू लागतो. कॉकपिटच्या काचेवर आतून बोट लागलेले असेल तर तिथेही तसाच ठसा उमटतो, आणि तोवर काच बसलेली असल्यामुळे तो पुसायला आत हात जात नाही.

ही छाया किती पडेल हे तीन गोष्टींवर ठरते: गोंद किती लावला, हवा किती दमट आहे, आणि वाफेला बाहेर पडायला वाट आहे की नाही. जुलै-ऑगस्टात मुंबईत आणि कोकणात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा दिवसांत हा गोंद झटपट धरतो खरा, पण पांढरेपणाचा धोकाही वाढतो. सगळ्यात वाईट परिस्थिती बंद धडाची असते. धडात कुठेतरी सायनोॲक्रिलेट लावून लगेच काच वरून बसवली की वाफ आतच कोंडते आणि सावकाश काचेवर उतरते. म्हणून खिडकीला हा गोंद लावला नाही एवढ्याने भागत नाही. आत आसन, पट्टे किंवा वजनासाठी शिशाचे तुकडे चिकटवायला तो वापरला असेल तर काच बसवण्याआधी धड एक दिवस उघडे ठेवावे.

पांढरा गोंद इथे का उपयोगी पडतो

पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. आपल्या घरात तो फेव्हिकॉलच्या रूपात असतो. पिडिलाइट कंपनी तो १९५९ पासून बनवते आहे. मॉडेलसाठी खास बनवलेले या प्रकारचे गोंदही मिळतात. मायक्रोस्केलचे क्रिस्टल क्लीअर आणि डिलक्स मटेरिअल्सचे ग्लू अँड ग्लेझ हे त्यांपैकी दोन. त्यांचे घटक थोडे वेगळे असले तरी तत्त्व एकच आहे: प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. ते कण आणि पाणी प्रकाशाला वेगवेगळ्या प्रमाणात वळवतात, म्हणून ओला गोंद दुधासारखा पांढरा दिसतो. पाणी उडून गेले की कण एकमेकांना भिडतात, दाबले जातात आणि सलग पापुद्रा बनतात. मधे प्रकाश विखुरणारे काही उरत नाही, आणि गोंद पारदर्शक होतो.

या सगळ्यात पॉलिस्टायरीनला काहीही होत नाही. पाणी त्याला विरघळवत नाही, त्यामुळे भेगा पडायचा प्रश्न येत नाही. काच पांढरी करणारी वाफही निघत नाही. चुकून काचेवर गोंद पसरला तर ओल्या कापसाच्या काडीने पुसता येतो. दहा मिनिटांनी लक्षात आले तरी चालते. जागा बदलायला वेळ मिळतो, जो द्रावक आणि सायनोॲक्रिलेट दोन्ही देत नाहीत. शिवाय रंगवलेल्या कडेवरही तो धरतो, तर द्रावक-सिमेंटला जोडाची जागा रंगापासून मोकळी करून द्यावी लागते. काचेची कड आधी काळ्या किंवा कॉकपिटच्या रंगाने रंगवली तर त्या कडेची बाहेरून दिसणारी उजळ रेघही नाहीशी होते आणि जोड बिघडत नाही.

लावायची पद्धत साधी आहे. टूथपिकच्या टोकाने किंवा जुन्या बारीक ब्रशने खिडकीच्या खाचेच्या कडेभोवती गोंदाची अगदी बारीक रेघ ओढावी, काच चिमट्याने हलके टेकवावी आणि हलकेच दाबावी. चारही बाजूंनी गोंद जराजरा बाहेर आला की पुरे झाले. बाहेर आलेला गोंद ओलसर कापसाने काढावा; कापूस भिजलेला नको, नाहीतर पाणी जोडात शिरते. अर्ध्या तासात काच हलेनाशी होते; पूर्ण ताकद यायला एक दिवस द्यावा. पावसाळ्यात पाणी सावकाश उडते, त्यामुळे जोड दुधीच राहिला म्हणून घाबरण्याचे कारण नसते. त्याला आणखी एक दिवस द्यावा. पंख्याचा हलका वारा मदत करतो. हेअर ड्रायर मात्र वापरू नये, कारण वरची साय आधी धरते आणि आतले पाणी अडकते.

पाच-सहा मिलिमीटरपर्यंतच्या भोकात तर काचेचीच गरज पडत नाही. टूथपिकने भोकाच्या कडेभोवती गोंद फिरवून मग टोक आडवे ओढले की पापुद्रा ताणला जातो आणि सुकल्यावर खिडकी तयार होते. जवळून पाहिले तर पापुद्रा मधे थोडा आत गेलेला दिसतो. लहान प्रमाणातल्या मॉडेलला ते खपून जाते. यासाठी साध्या फेव्हिकॉलपेक्षा खास गोंद मला अधिक भरवशाचा वाटतो. फेव्हिकॉलच वापरायचा असेल तर आधी चौकटीच्या टाकाऊ तुकड्यावर भोक पाडून तिथे वाळवून पाहावा.

पण इतका कमकुवत जोड टिकेल का?

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. प्रवासी विमानाच्या मॉडेलमध्ये खिडक्या आतून बसवायच्या असतात. धडाचे दोन भाग जोडले, शिवण घासली, रंग दिला, आणि शेवटी मास्किंग टेप लावताना बोटाचा दाब पडून एखादी खिडकी आत निसटली, तर ती बाहेर काढायला वाटच नसते. टेप काढताना उलटी ओढ बसते आणि वरून बसवलेली काच टेपसोबत उचलली जाते. उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा खिडकीशेजारी ठेवलेल्या मॉडेलमध्ये पीव्हीए मऊही पडतो.

याचे उत्तर अधिक जहाल गोंद हे नव्हे. आधार वेगळ्या जागी द्यावा. पीव्हीएने बसवलेली खिडकी वाळली की आतल्या बाजूने तिच्या कडेला गोंदाची दुसरी जाडसर रेघ द्यावी. एका रेघेपेक्षा दोन रेघा बऱ्याच टिकतात. अनेक किटांत खिडक्यांची पूर्ण रांग एकाच पट्टीवर येते. त्या पट्टीचा बराचसा भाग भिंतीआड लपलेला असतो, आणि तिथे, खिडकीच्या उघड्या भागापासून लांब, सिमेंटचा एखादा ठिपका दिला तर चालतो. त्याहून निर्धोक उपाय असा की पातळ पॉलिस्टायरीनची एक फीत खिडक्यांच्या वरच्या कडेला आतून आडवी टेकवावी आणि तिची दोन टोके फक्त धडाच्या भिंतीला सिमेंटने जोडावीत. खिडकीला सिमेंट लागत नाही, आणि ती आत पडूही शकत नाही.

टेप काढतानाही ती वर न ओढता पृष्ठभागालगत मागे दुमडत, सावकाश काढावी.

इपॉक्सी आणि अतिनील प्रकाशाचा गोंद

इपॉक्सी म्हणजे दोन नळ्यांतला गोंद, आपल्याकडे ॲराल्डाइट या नावाने घरोघरी माहीत असलेला. एका नळीत राळ, दुसरीत ती घट्ट करणारा पदार्थ. दोन्ही सम प्रमाणात मिसळले की रासायनिक क्रियेने तो घट्ट होतो. तो पॉलिस्टायरीनला विरघळवत नाही, वाफेने काच पांढरी करत नाही, आणि पीव्हीएपेक्षा पुष्कळ बळकट असतो. फट असेल तर तीही भरून निघते. पाच मिनिटांचा प्रकार खिडकीसाठी पुरतो. घट्ट होण्यापूर्वी चुकून पसरलेला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो, आणि त्याने पॉलिस्टायरीनला इजा होत नाही, मात्र जवळचा ॲक्रिलिक रंग निघू शकतो. उन्हाच्या संपर्कात इपॉक्सी वर्षांनुवर्षे पिवळट होत जातो. म्हणून तो दिसणाऱ्या जागी नको, लपलेल्या कडेलाच हवा.

निळसर दिव्याने घट्ट होणारा गोंद अलीकडे दागिन्यांच्या आणि नखांच्या साहित्यासोबत सहज मिळू लागला आहे. तो ३६५ ते ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात काही सेकंदांत घट्ट होतो. खिडकी पारदर्शक असल्यामुळे प्रकाश जोडापर्यंत पोहोचतो, हा त्याचा मोठा फायदा. पण जिथे रंगवलेल्या धडाची सावली पडते तिथे तो द्रवच राहतो, आणि असा द्रव फार वेळ राहिला तर त्यातले काही घटक पॉलिस्टायरीनला त्रास देऊ शकतात. जाड थर घट्ट होताना तापतोही. म्हणून पातळ थर, दोन-तीन दिशांनी प्रकाश, आणि हातमोजे, कारण न घट्ट झालेल्या या गोंदाने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते.

निर्वात साच्यात ओढून बनवलेल्या पातळ कॅनोपींचा, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणांचा, विषय थोडक्यात: त्या पुष्कळदा पॉलिस्टायरीनच्या नसतातच, त्यामुळे मॉडेलचे सिमेंट त्यांना धरेलच असे नाही. तिथे पीव्हीए किंवा इपॉक्सीकडेच जावे लागते.

‘मी तर नेहमी फेव्हिक्विकच वापरतो, काही होत नाही’

असे सांगणारे खोटे बोलत नसतात. त्यांचा थेंब लहान असतो, खोली कोरडी असते, जोड उघडा असतो. तिन्ही जुळून आले तर छाया पडत नाही. ज्यांना हा गोंद वापरायचाच आहे त्यांच्यासाठी संरक्षणाचा एक चांगला उपायही आहे. काच सौम्य साबणाने धुऊन, वाळवून, चमकदार पारदर्शक ॲक्रिलिक वार्निशमध्ये बुडवून काढावी. जादा वार्निश टिश्यूच्या टोकाने खालच्या कोपऱ्यातून टिपून घ्यावे आणि भांडे उपडे झाकून दोन दिवस वाळू द्यावी. हा पातळ थर पृष्ठभाग झाकतो. सायनोॲक्रिलेटची वाफ काचेवर पूर्वीसारखी धरत नाही, आणि बारीक ओरखडेही दिसेनासे होतात. अनेक वर्षे अमेरिकेतले ‘फ्यूचर’ आणि ब्रिटनमधले ‘क्लिअर’ हे फरशीचे पॉलिश मॉडेलकार यासाठी वापरत. आता त्याची जागा पाण्यात मिसळणाऱ्या चमकदार ॲक्रिलिक वार्निशने घेतली आहे. थर बिघडला तर अमोनिया असलेल्या काच-क्लीनरने तो काढून पुन्हा देता येतो.

परंतु हा थर द्रावक-सिमेंटपासून वाचवत नाही, कारण ॲसिटोन ॲक्रिलिकलाही विरघळवते. वार्निश दिले आहे म्हणून हिरव्या झाकणाची बाटली निर्धास्तपणे उघडणे धोक्याचे आहे. कमी वाफेचे, वास नसलेले सायनोॲक्रिलेटही मिळते. ते महाग असते, सावकाश धरते, आणि खिडकीजवळ वापरायचेच असेल तर मी त्याचीच शिफारस करेन.

एका डाकोटावर हे सगळे

डाकोटा, म्हणजे डीसी-३ या प्रवासी विमानाचे लष्करी रूप, या चर्चेसाठी उत्तम उदाहरण आहे. १९४६ मध्ये एअर इंडिया या नव्या नावाने सेवा सुरू झाली ती डीसी-३ विमानांवर, आणि २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य उतरवले ते डाकोटांनीच, त्यामुळे आपल्याकडच्या मॉडेलकारांना ते जवळचे वाटते. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा सुमारे २९ मीटर. १:७२ प्रमाणात तो ४० सेंटिमीटरच्या आसपास येतो. या एकाच मॉडेलमध्ये चार तऱ्हांचे पारदर्शक भाग असतात आणि चारही वेगळा विचार मागतात.

धडाच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या आतून बसतात, म्हणून त्यांना पीव्हीए, वाळल्यावर आतून दुसरी रेघ, आणि वर सांगितलेली आधाराची फीत. धड बंद करण्याआधी प्रत्येक खिडकी बाहेरून गोल टोकाच्या काडीने हलकी दाबून पाहावी. जी हलते ती आताच दुरुस्त होते. कॉकपिटच्या समोरच्या काचा वरून बसतात आणि बाकी सगळ्यांत जास्त दिसतात. आतले काम पुरे होऊन वाफ गेल्यावर त्या पीव्हीएने बसवाव्यात. धड आणि काच यांच्यात बारीक फट उरली तर तीही पीव्हीएच भरतो. ओल्या ब्रशने कड गुळगुळीत करून घेतली की रंगाखाली जोड दिसत नाही. कॉकपिटमागे छतावर ताऱ्यांवरून दिशा काढण्यासाठी असलेला छोटा घुमट अगदी शेवटी, सगळा रंग झाल्यावर, पीव्हीएच्या ठिपक्यांवर टेकवावा. तो इतका लहान असतो की द्रावकाचा एक थेंब त्याचा अर्धा भाग मऊ करून टाकेल.

पंखाच्या पुढच्या कडेतल्या दिव्यांची झाकणे मात्र वेगळी. ती पंखाच्या वळणाशी एकरूप दिसायला हवीत, म्हणजे बसवल्यावर त्यांना घासावे लागते, आणि घासताना पीव्हीएचा जोड सुटतो. इथे ताकद खरोखर लागते. मी इथे इपॉक्सी निवडतो: आतली बाजू आधी वार्निश करून घ्यावी, झाकण किंचित उंच राहील असे बसवावे, पूर्ण एक दिवस घट्ट होऊ द्यावे, मग क्रमाने बारीक होत जाणाऱ्या पाण्याच्या पॉलिश कागदांनी उतरवून शेवटी पॉलिशने चकाकी आणावी. बाहेरचा पृष्ठभाग नाहीतरी पुन्हा घासायचाच असतो. आतला नितळ राहिला की पुरे.

बिघडलेली काच

सायनोॲक्रिलेटची पांढरी छाया पृष्ठभागावर असते. काच हाती लागत असेल तर मऊ कापडाने बारीक पॉलिश लावून ती उतरते, आणि पुसट असेल तर वार्निशमध्ये बुडवल्यानेही दिसेनाशी होते. ती काढायला नेलपेंट रिमूव्हर कदापि घेऊ नये. त्यात बहुधा ॲसिटोन असते. ते गोंदाला विरघळवते आणि त्याचबरोबर काचेलाही. सिमेंटचा डाग पूर्ण वाळू द्यावा, किमान एक-दोन दिवस, कारण ओला असताना पुसला की तो आणखी पसरतो. मग पॉलिश कागदाने सपाट करून चकाकी आणता येते. भेगांचे मात्र काही होत नाही. त्या काचेच्या जाडीत उतरलेल्या असतात आणि घासत गेले तर काच संपते, भेग संपत नाही. वार्निशने त्या थोड्या झाकतात, पण प्रकाश तिरका पडला की पुन्हा दिसतात. अशा वेळी किट बनवणाऱ्या कंपनीकडे फक्त पारदर्शक भागांची चौकट मिळते का हे विचारावे; काही कंपन्या ती सुटी देतात.